जुन्या ऑफिस इमारतीला हिरवा दर्शनी भाग आणि सर्वांसाठी खुलं अंगण : आधी काय, नंतर काय?

मुक्ता_वास्तू

जाणकारांशी सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढते आहे.

समजा, चाळीसेक वर्षांपूर्वीची आठ मजली ऑफिस इमारत आहे. आरसीसी सांगाडा. पश्चिमेची बाजू ४० मीटर लांब, २८ मीटर उंच आणि जवळजवळ सगळी काचेची. दुपारनंतर त्या बाजूला बसवत नाही, पडदे कायम ओढलेले, आत भर दिवसा दिवे आणि एसी पूर्ण जोरात. समोर सुमारे १,१०० चौरस मीटरचं आवार, त्यात गाड्या उभ्या. आवाराच्या अर्ध्या भागाखाली तळघर. भोवती कुंपणभिंत आणि एकच फाटक.

आता दोन गोष्टी करायच्या आहेत: आवार रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही बसता येईल असं खुलं करायचं, आणि पश्चिमेच्या काचेवर जिवंत हिरवी सावली आणायची. इमारत पाडायची नाही.

पाडायची का नाही, याबद्दल माझं मत ठाम आहे. नव्या इमारतीच्या बांधकामात होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा सर्वांत मोठा वाटा पाया, कॉलम आणि स्लॅबचा असतो. तोच भाग इथे धडधाकट उभा आहे. सिडनीतल्या क्वे क्वार्टर टॉवरमध्ये १९७६ सालच्या मनोऱ्याचे सुमारे दोन तृतीयांश बीम, कॉलम, स्लॅब आणि लिफ्ट-जिन्यांचा जवळजवळ सगळा मधला गाभा जागेवर ठेवून २०२२ मध्ये त्याचं रूपांतर पूर्ण झालं. आपली इमारत त्यापेक्षा कितीतरी लहान आहे.

मला अडतंय ते क्रमावर. वेली लावाव्यात की पॅनेलची हिरवी भिंत? वजन कशावर टाकावं? आणि आवार उघडायचं म्हणजे नेमकं काय काय करायचं?

---

हिरवी_सावली

वेली. पश्चिमेच्या काचेसाठी दुसरा विचारच नको.

पॅनेलची भिंत म्हणजे मातीच्या किंवा फेल्टच्या खिशांत उभी लावलेली हजारो छोटी झाडं. प्रत्येक झाडाचं मूळ मूठभर जागेत, त्यामुळे पाणी थांबलं की उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत माना टाकतात. वेलीचं मूळ मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत असतं, ती आठवडाभराची चूकसुद्धा पोटात घालते. शिवाय पॅनेल काचेवर बसवताच येत नाही, त्याला मागे अखंड पाठ लागते. मग उजेड गेला आणि बाहेरचं दृश्यही गेलं.

---

पाणीवाला

हिरवी_सावली यांच्याशी सहमत, आकड्यांतही तेच दिसतं. ४० गुणिले २८ म्हणजे १,१२० चौरस मीटर. पॅनेलच्या भिंतीला कडक उन्हात चौरस मीटरला दिवसाला ५ लिटर धरले तर रोज ५,६०० लिटर. त्यातून खाली गळणारं पाणी गोळा करायला पन्हळ, टाकी, गाळणी आणि परत चढवायला पंप. फिरवून वापरलेल्या पाण्यात क्षार साठत जातात, म्हणून पाण्याची विद्युतवाहकता (क्षार किती, हे सांगणारं माप) रोज मोजावी लागते आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की टाकी रिकामी करावी लागते. हे आठ मजल्यांवर वर्षानुवर्षं करायचं.

---

दक्षिणवारा

पॅनेलच्या भिंतीला इतकं मोडीत काढू नका. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लाँ यांची पद्धत पाहा: १० मिलिमीटर जाडीचं पीव्हीसी, त्यावर न कुजणाऱ्या फेल्टचे दोन थर आणि चौरस मीटरला साधारण २० झाडं. सगळं मिळून वजन चौरस मीटरला ३० किलोच्या आत. पॅरिसमधल्या के ब्रांली संग्रहालयाच्या कार्यालयीन इमारतीवर ती भिंत लोक थांबून पाहतात. अंधाऱ्या गल्लीत, जिथे जमीनच नाही आणि मागे कोरी भिंत आहे, तिथे वेल काय करणार?

---

हिरवी_सावली

दक्षिणवारा, कोऱ्या भिंतीसाठी तुमचं म्हणणं मान्य. प्रवेशदारापाशी, माणसाच्या उंचीपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत २०-३० चौरस मीटरचा तुकडा करा, शिडीने हात पोचेल असा. तिथे तो शोभतो आणि जगतो. दरवर्षी ५ ते १० टक्के झाडं बदलावी लागणार हे धरून चालायचं. माझा विरोध आहे तो अख्ख्या पश्चिम दर्शनावर पॅनेल चढवायला.

---

खांबतुळई

वजनावर लिहितो. इथेच बहुतेक देखणी चित्रं कोसळतात.

पहिली गोष्ट: काचेच्या पडदाभिंतीच्या (सांगाड्यावर बाहेरून टांगलेल्या दर्शनी भिंतीच्या) ॲल्युमिनियम चौकटीवर काहीही टांगायचं नाही. ती चौकट फक्त स्वतःचं वजन आणि वारा झेलायला केलेली असते. हिरव्या सांगाड्याचे ब्रॅकेट काचेच्या सांध्यातून आत जाऊन थेट स्लॅबच्या कडेच्या बीमला धरले पाहिजेत. ब्रॅकेट आणि काँक्रीटच्या मध्ये उष्णतारोधक तुकडा हवा, नाहीतर तो लोखंडाचा पूल उष्णता आत आणतो आणि थंड बाजूला दव धरतो. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकतात तिथे नायलॉन किंवा रबराचा वॉशर, नाहीतर ॲल्युमिनियम खात जातं.

दुसरी: कुंड्या. वेलीच्या सलग कुंडीला ५० सेंटिमीटर रुंदी आणि ६० सेंटिमीटर खोली धरा, म्हणजे मीटरला ३०० लिटर. हलक्या मिश्रणाचं पाणी प्यायल्यानंतरचं वजन घनमीटरला १,२०० किलो धरलं तर ३६० किलो, कुंडीसकट ४०० च्या आसपास. साधी बागेची माती भरली तर हेच दीडपट. म्हणजे स्लॅबच्या कडेला दर मीटरला ४ किलोन्यूटनचा कायमचा भार. ऑफिसचा स्लॅब अडीच ते तीन किलोन्यूटन प्रति चौरस मीटर चल भारासाठी (माणसं, सामान यांच्या भारासाठी) केलेला असेल, तर पुढे झुकलेल्या छज्जाच्या टोकावर हे ठेवणं म्हणजे भेगांना आमंत्रण. कुंडी बीमच्या डोक्यावर किंवा कॉलमपासून निघालेल्या नव्या स्टील ब्रॅकेटवर ठेवा, छज्जाच्या टोकावर नको.

तिसरी, आणि मुक्ताताई, हीच सर्वांत आधी: काँक्रीटची तपासणी. चाळीस वर्षांत कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा सळईला गंजापासून वाचवणारा गुण जाणं) सळईपर्यंत पोचलं असेल तर हिरवाई त्यावर वीस वर्षांचा पडदा टाकेल आणि आतला गंज कुणाला दिसणार नाही. कडेच्या बीममधून काँक्रीटचे नळकांडी नमुने काढा, ताज्या तुटलेल्या पृष्ठावर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन फवारा. गुलाबी झालं ते निरोगी, रंग चढला नाही तिथवर कार्बोनेशन. सळईवरच्या काँक्रीटच्या आवरणाची जाडी मोजा, कार्बोनेशनच्या खोलीशी तुलना करा. दुरुस्ती आधी, बोल्ट नंतर. आणि रासायनिक अँकर (रसायनाने काँक्रीटमध्ये चिकटवलेले बोल्ट) बसवल्यावर नमुन्याचे काही खेचून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

---

नवशिका

फार उपयुक्त माहिती. वाचनखूण साठवली. एक प्रश्न: स्टीलच्या दोऱ्या जितक्या ताठ तितकं चांगलं ना? वेल हलणार नाही.

---

खांबतुळई

उलट. अगदी ताठ दोरी बीमला जास्त जोराने ओढते.

हिशेब बघा. दोरी मजल्या-मजल्याला धरली आहे, अंतर ३.५ मीटर. दोन दोऱ्यांत ४० सेंटिमीटर अंतर. वेल पूर्ण भरली की वाऱ्याला ती जवळपास भिंतच, म्हणून १ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर वारा धरला तर एका दोरीवर मीटरला ०.४ किलोन्यूटन. दोरीतला ताण म्हणजे भार गुणिले अंतराचा वर्ग, भागिले आठपट झोळ (दोरी मधोमध जितकी वाकते ते अंतर). झोळ ५० मिलिमीटरच होऊ दिला तर ताण १२ किलोन्यूटनच्या वर जातो. झोळ १५० मिलिमीटर होऊ दिला तर ४ वर येतो. आणि मध्ये एक आधार देऊन अंतर १.७५ मीटर केलं तर ५० मिलिमीटर झोळातही ताण ३ च्या आसपास राहतो. अंतर निम्मं केलं की ताण चौथाई होतो. म्हणून दोरी आवळण्यापेक्षा मधला आधार द्या.

झोळ किती चालेल ते काचेपासूनच्या अंतरावर ठरवा. वेलीचा घेर अधिक झोळ मिळून काचेला फटका बसता कामा नये.

---

हिरवी_सावली

यात वेलीची जात फार महत्त्वाची. तीन स्वभाव लक्षात ठेवा.

गुंडाळत चढणाऱ्या, म्हणजे जाई किंवा हनीसकल यांच्यासारख्या: यांना उभी दोरी पुरते. ताणव्यांनी धरणारी, म्हणजे कृष्णकमळ: तिला बारीक जाळी हवी, जाड पाइप तिच्या ताणव्याला कवेत घेता येत नाही. आणि चिकटून चढणाऱ्या, आयव्ही किंवा फायकस प्यूमिला: यांना दोरी लागतच नाही, आणि काचेच्या इमारतीवर याच टाळायच्या. आयव्हीचा कोंब उजेडापासून दूर वळतो, म्हणून तो फट शोधत सांध्यात शिरतो, आत जाडा होतो आणि सीलंट उचकटतो.

विस्टेरिया दिसते सुंदर, पण तिचं खोड जाड होत होत दोरी आणि पाइप दोन्ही पिळून टाकतं. ती पातळ दोरीवर नको. बोगनवेल स्वतः धरत नाही, तिला बांधावं लागतं, तेही काटे सांभाळत.

दोरी काचेच्या भिंतीपासून दूर हवीच. कोऱ्या भिंतीवर १०-१५ सेंटिमीटर पुरतात, पण काचेपुढे माणूस जाऊ शकेल एवढं अंतर ठेवा.

---

ओळंबा

माणूस जाऊ शकेल म्हणजे ७५ सेंटिमीटर तरी. प्रत्येक मजल्यावर स्टीलच्या जाळीचा पाट, बाहेरच्या कडेला कठडा, त्यापलीकडे दोऱ्या. काच पुसणं, वेल छाटणं, ड्रिपर बदलणं, तिन्ही कामं त्याच पाटावरून. हा पाट नसेल तर काच पुसण्याचा झुला वेलींमध्ये अडकतो, मग सोयीसाठी वेल तोडली जाते. खांबतुळईंच्या कुंड्याही याच पाटाच्या ब्रॅकेटवर बसू शकतात, म्हणजे काँक्रीटमध्ये भोकं एकदाच.

चिलीतल्या सान्तियागोची कॉन्सॉर्सिओ इमारत, १९९३ सालची, याच कल्पनेची ऑफिस इमारत आहे. पश्चिमेच्या काचेपुढे अंतर सोडून उभा केलेला सांगाडा आणि त्यावर पानगळीच्या वेली. उन्हाळ्यात सावली, थंडीत पानं झडून ऊन आत. थंडी कडक असेल अशा हवामानात हा हिशेब लाखमोलाचा. जिथे बारा महिने ऊन तापतं तिथे सदाहरित वेल.

टोकियोतली पासोना कंपनीची इमारत २०१० मध्ये अशीच बदलली गेली होती. नऊ मजली जुना सांगाडा ठेवला, बाहेर उथळ सज्जे आणि त्यावर झाडांची दुसरी कातडी. त्यासाठी भाड्याने देता येणारी थोडी आतली जागा सोडावी लागली. मालकांना हे पहिल्याच बैठकीत सांगा.

---

नवशिका

कुंड्या फक्त तळमजल्यावर ठेवून वेल २८ मीटर चढवता येणार नाही का?

---

हिरवी_सावली

काही जाती चढतील, पण त्याला बरीच वर्षं लागतील आणि तोवर खालचा भाग पानं गाळून नुसती खोडं दाखवेल. बहुतेक वेली ६ ते १० मीटर मनापासून भरतात. म्हणून तीन पातळ्या करा: जमिनीत, तिसऱ्या मजल्यावर आणि सहाव्या मजल्यावर. सहाव्या मजल्यावरून काही वेली वर आणि काही खाली सोडता येतात. परदावेल खाली लोंबते, वर चढत नाही, ती तिथे योग्य.

---

पाणीवाला

तीन पातळ्या म्हटल्या की पाण्याचे तीन स्वतंत्र विभाग. एकच नळी वरून खाली सोडली तर दर १० मीटरला सुमारे १ बार दाब वाढतो. २८ मीटरमध्ये वरचा ड्रिपर तहानलेला आणि खालचा तुडुंब. उपाय असे:

दाब समतोल राखणारे ड्रिपर घ्या, ताशी २ लिटरचे. त्यांना पंप थांबल्यावर नळी रिकामी होऊ न देणारी आतली झडप असलीच पाहिजे. नाहीतर प्रत्येक फेरीनंतर वरच्या नळीतलं सगळं पाणी खालच्या कुंडीत ओघळतं. फिल्टर १३० मायक्रॉनचा, आणि तो जमिनीवर, हाताशी. नळीच्या शेवटच्या टोकाला उघडता येणारी टोपी, महिन्यातून एकदा गाळ सोडायला. पिण्याच्या पाण्याच्या जोडणीवर उलटा प्रवाह रोखणारी झडप, म्हणजे खताचं पाणी परत प्यायच्या पाण्यात शिरणार नाही.

प्रत्येक विभागाला पाण्याचा मीटर लावा आणि त्याचा इशारा दोन्ही बाजूंनी ठेवा. प्रवाह शून्य म्हणजे पंप बंद किंवा झडप अडकली. प्रवाह दुप्पट म्हणजे नळी निसटली आणि खाली कुणाच्या तरी छतात पाणी मुरतंय. केवळ टायमरवर विसंबू नका. टायमर झडप उघडल्याचं सांगतो, पाणी पोचल्याचं नाही.

पाणी कुठून, हे कुणी विचारलं नाही अजून. गच्ची ७२० चौरस मीटर धरली तर २५ मिलिमीटर पावसाचे १८,००० लिटर होतात. पहिले एक-दोन मिलिमीटर धूळ धुऊन जायला सोडा, बाकीच्यातून गळती वजा करा, १५,००० च्या आसपास हाती. एसीच्या कॉइलवर जमणारं पाणी हा दुसरा झरा. दमट हवेत भरपूर, कोरड्या हवेत जवळजवळ काहीच नाही. ते पाणी क्षाररहित असतं, पण कॉइलवरची धूळ, शेवाळ आणि किंचित तांबं सोबत आणतं. म्हणून गाळून, पावसाच्या पाण्यात मिसळून द्या. टाकी झाकलेली आणि सावलीत ठेवा. कोमट, साचलेलं पाणी फवाऱ्याने उडवू नका, लीजिओनेला जंतू त्यातूनच पसरतात. ठिबकने ही भीती बरीच कमी होते.

---

गवती_चहा

वेली म्हणजे डास आणि उंदीर, हा आक्षेप पहिल्याच दिवशी येणार. त्याला उत्तर काय?

---

पाणीवाला

डासाला साचलेलं पाणी लागतं. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस. कुंडीखाली तबक ठेवूच नका, निचरा थेट पाइपात. पाटाच्या जाळीत पाणी साचत नाही. पावसाच्या टाकीच्या प्रत्येक वाटेला बारीक जाळी. एवढं केलं तर वेलीत डास विसावतील, पण पैदास होणार नाही.

---

हिरवी_सावली

उंदरांसाठी: जमिनीतून चढणाऱ्या दोऱ्यांना दोन मीटरवर गुळगुळीत पत्र्याच्या उलट्या तबकड्या. उघडणाऱ्या खिडकीच्या कडेपासून वेल अर्धा ते एक मीटर दूर छाटलेली. खाली गळालेली फळं आणि पानं झाडली गेली पाहिजेत.

मला पक्ष्यांची काळजी जास्त आहे. काचेपुढे झाडं आली की पक्षी येतात आणि काचेतलं झाडाचं प्रतिबिंब खरं समजून आदळतात. वेल भरेपर्यंत आणि तळमजल्याच्या मोठ्या काचांवर कायमचं, बाहेरच्या पृष्ठावर ५ सेंटिमीटर अंतराने ठिपके किंवा रेघा हव्यात. आतून लावलेले ठिपके प्रतिबिंबात हरवतात. एकुलतं घारीचं चित्र चिकटवून काही होत नाही.

---

अग्निरोधक

आगीबद्दल एकही शब्द आला नाही, म्हणून लिहितो.

पाणी पिणारी हिरवी वेल सहज पेटत नाही. पेटतात ती सुकलेली खोडं, आत साचलेला पालापाचोळा, प्लॅस्टिकच्या कुंड्या आणि काळ्या नळ्यांचे जुडगे. आणि खरा धोका पोकळीचा. काच आणि हिरवा पडदा यांच्यामधली ७५ सेंटिमीटर जागा आठ मजले अखंड सोडली तर ती धुराडं होते. लंडनमध्ये २०१७ साली ग्रेनफेल मनोऱ्यात ज्वलनशील आवरणाबरोबर त्यामागच्या पोकळीनेही आग वर नेली. तिथलं साहित्य वेगळं होतं, पण पोकळीचा धडा इथेही लागू आहे.

म्हणून: कुंड्या धातूच्या किंवा तंतूकाँक्रीटच्या. किमान दर दोन मजल्यांनी पाटाचा एक पट्टा जाळीऐवजी भरीव, आग अडवणारा, आणि त्या पट्ट्यात वेल नाही. जिन्याच्या खिडक्या आणि बाहेर पडण्याच्या दारांभोवती मोकळी जागा. वर्षातून दोनदा छाटणी आणि सुकलेलं काढणं हे अग्निसुरक्षेच्या कामांच्या यादीत लिहा, बागकामाच्या यादीत नव्हे. बागकाम पुढे ढकललं जातं.

आणि आवाराबद्दल: अर्ध्या भागाखाली तळघर आहे म्हणता. अग्निशमन गाडी त्या स्लॅबवरून जाणार असेल तर तिचा भार झेलणारी वाट आखून, बाक आणि झाडांपासून मोकळी ठेवावीच लागेल. सगळ्या ऑफिसने बाहेर येऊन जमायची जागाही तिथेच आहे. बसायच्या जागा मांडताना हे आधी नकाशावर काढा.

---

मुक्ता_वास्तू

अग्निरोधक, पोकळीचा मुद्दा माझ्या आराखड्यात नव्हता. भरीव पट्टा दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या मजल्यावर घेते. तिसऱ्या आणि सहाव्या मजल्यावरच्या कुंड्यांशी तो जुळतो का पाहते.

---

ओळंबा

कुंड्या दुसऱ्या, चौथ्या, सहाव्यावरच न्या. भरीव पट्टा आणि कुंडीचा तळ एकच होईल. वेलींना उंचीही कमी पडेल, म्हणजे लवकर भरतील.

---

पारावरचा

सगळे भिंतीकडे बघत आहेत, आवाराकडे कुणीच नाही. मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. भिंतीची सावली आतल्यांना, आवार सगळ्यांना.

न्यूयॉर्कने १९६१ साली नियम केला: इमारतीपुढे चौक सोडा, जादा मजले घ्या. चौक भरपूर झाले, आणि त्यातले पुष्कळ ओसाड. बसायला काही नाही, कठड्यावर खिळे, सावली नाही, रस्त्यापासून वर उचललेले. १९७५ मध्ये नियम बदलून बसण्याच्या जागेचं प्रमाण लिहून द्यावं लागलं: दर ३० चौरस फूट चौकाला एक फूट लांबीची बैठक. म्हणजे आपल्याकडच्या १,१०० चौरस मीटरला १२० मीटर बैठक. आकडा मोठा वाटतो, पण पायऱ्या, झाडांचे पार, कुंड्यांचे रुंद कठडे हे सगळं त्यात मोजता येतं. कठड्याची उंची ४०-४५ सेंटिमीटर आणि दोन्हीकडून बसायचं असेल तर रुंदी ७५ सेंटिमीटर. शिवाय काही बैठकींना पाठ आणि हात हवेतच, म्हाताऱ्या माणसाला उठताना हाताचा आधार लागतो.

त्याच शहरातली पेली पार्क ही १९६७ सालची जागा जेमतेम ३९० चौरस मीटरची आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर वेली, वर झाडांची विरळ सावली, मागे रस्त्याचा आवाज झाकणारा धबधबा आणि हलवता येणाऱ्या खुर्च्या. माणूस खुर्ची दोन वीत सरकवतो आणि जागा त्याची होते. कुंपणभिंत पाडल्यावर पहिली खरेदी हलक्या खुर्च्यांची करा.

---

दक्षिणवारा

पारावरचा यांना एक पुरवणी: वारा. २८ मीटर उंच सपाट दर्शनावर आदळलेला वारा खाली घसरतो आणि कोपऱ्यांवर जोर धरतो. बसलेल्या माणसाला ४ मीटर प्रति सेकंदाच्या वर वारा नकोसा होतो. बैठकी इमारतीच्या कोपऱ्यांपासून दूर ठेवा आणि पहिल्या मजल्याच्या उंचीवर दोन-तीन मीटर रुंद छत काढा. खाली येणारा वारा तिथे अडतो, पावसात उभं राहायला जागा होते. वेलींचा खडबडीत पडदाही वाऱ्याचा वेग थोडा मोडतो, पण छताची जागा तो घेत नाही.

---

गवती_चहा

आणि सुरक्षा? ऑफिसवाले म्हणणार, कुणीही आत येईल.

---

पारावरचा

हाच कळीचा प्रश्न. सुरक्षेची रेषा आत ढकला. आज ती फाटकावर आहे. ती लिफ्टच्या अलीकडे, टर्नस्टाइलवर (एकेकाला आत सोडणाऱ्या फिरत्या अडसरावर) न्या. मग लॉबीचा बाहेरचा अर्धा भागही सार्वजनिक होतो: तिथे पाणी, स्वच्छतागृह, सावलीतल्या बैठकी. रस्त्याच्या कडेला गाडी रोखणारे खुंट, दोन खुंटांमधली मोकळी जागा १.२ मीटरच्या आत आणि व्हीलचेअर जाईल इतकी. रस्ता आणि आवार यांत पातळीचा फरक असेल तर सगळ्यांसाठी एकच उतरंड, १:२० ची. पायऱ्या मधोमध आणि उतरंड कोपऱ्यात, असं नको.

आणि फलक: "ही जागा सर्वांसाठी खुली आहे" आणि वेळा. हे लिहिलेलं नसेल तर पहारेकरी हटकतो आणि हटकलेला माणूस पुन्हा येत नाही. देखभाल कुणाची, वेळा कोण बदलू शकतं, हे मालक आणि नगरप्रशासन यांच्या करारात लिहा. मालक बदलला तरी जागा खुली राहिली पाहिजे.

---

खांबतुळई

तळघरावरच्या अर्ध्या भागाचा हिशेब राहिला. गर्दी जमण्याच्या जागेला चौरस मीटरला ५ किलोन्यूटन चल भार धरतात. वर झाडं म्हणजे माती वेगळी. ३० सेंटिमीटर हलकं मिश्रण भिजल्यावर चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या घरात. तेवढ्यात झुडपं आणि गवत होतं, झाड होत नाही. झाडाला मीटरभर खोली हवी, म्हणून झाडं एकतर तळघर नसलेल्या अर्ध्यात, किंवा नेमकी कॉलमच्या डोक्यावर. बीम नसलेला सपाट स्लॅब असेल तर कॉलमभोवतीचं कातरबल (कॉलम स्लॅबमधून आरपार घुसेल का, ते) तपासल्याशिवाय तेही नाही.

मिलानच्या बोस्को व्हर्टिकाले या २०१४ सालच्या जोडमनोऱ्यांचं उदाहरण कुणीतरी काढेलच. तिथल्या सज्जांवर सुमारे ८०० झाडं आहेत, पण सज्जे पहिल्यापासून त्यासाठी बांधले, झाडं वाऱ्याच्या बोगद्यात तपासली आणि मुळांचे गोळे बांधून ठेवले. जुन्या इमारतीच्या सज्जावर झाड नको, वेलच बरी.

वॉटरप्रूफिंग मुळं रोखणारं असल्याचं प्रमाणपत्र पाहून घ्या, साध्या डांबरी थरातून मूळ आरपार जातं. भिंतीवर तो थर तयार पातळीच्या वर १५ सेंटिमीटर चढवा. माती टाकण्याआधी ७२ तास पाणी भरून खालून छत पाहा. माती टाकल्यावर सापडलेली गळती म्हणजे सगळी माती पुन्हा बाहेर. प्रत्येक निचऱ्याच्या तोंडावर झाकण उघडता येईल अशी पेटी आणि भोवती ३० सेंटिमीटर नुसती खडी.

---

ओळंबा

फुकुओकातली ॲक्रॉस इमारत, १९९५ सालची, या धाग्यात आलीच पाहिजे. जुन्या इमारतीचं रूपांतर नाही, नवं बांधकाम, पण विचार घेण्यासारखा आहे. बागेला लागून ऑफिसं उभी करायची होती, तर बागेकडची बाजू पायऱ्यापायऱ्यांची करून बागच गच्चीपर्यंत चढवली. सुरुवातीला ७६ जातींची तीस हजारांहून जास्त झाडं होती. लोक त्यावर चढतात. इथे भिंत आणि सार्वजनिक जागा वेगळ्या राहतच नाहीत. मुक्ताताई, पहिल्या मजल्यावर छत काढणारच आहात, तर ते आवारातून रुंद पायऱ्यांनी चढता येईल असं का नको? पायऱ्यांवर बसणं होतं आणि वेलींच्या पहिल्या कुंड्यांना हात लागतो.

---

गवती_चहा

वेल भरायला तीन ते पाच वर्षं. तोवर पश्चिमेला बसणाऱ्यांनी काय करायचं?

---

हिरवी_सावली

दोऱ्यांऐवजी छिद्रांचा पत्रा किंवा ताणलेली धातूची जाळी वापरा, ३०-४० टक्के भरीव. पहिल्या दिवसापासून सावली, वेल येईल तशी वाढत जाईल. सिंगापूरच्या ओएशिया हॉटेलवर, २०१६ सालच्या, लाल ॲल्युमिनियमची जाळी आहे आणि तिच्यावर २१ जातींच्या वेली. एखादा पट्टा सुकला तरी इमारत उघडी पडत नाही, जाळी स्वतःच देखणी आहे. एकाच जातीवर विसंबू नका, हेही तिथून घ्या. एका रोगात अख्खं दर्शन जायला नको.

फक्त जाळी उन्हात किती तापते ते पाहा. काळी जाळी कोवळे कोंब भाजते. फिकट रंग बरा.

---

खांबतुळई

जाळी घेतली तर वाऱ्याचा भार पहिल्या दिवसापासून धरा आणि पूर्ण भरलेल्या वेलीसह पुन्हा तपासा. चौकटीचा एक तुकडा मजल्याएवढा ठेवला तर खराब झालेला काढून दुसरा लावता येतो.

---

मुक्ता_वास्तू

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम असा लावते आहे: काँक्रीटची तपासणी आणि दुरुस्ती, तळघराच्या स्लॅबचा हिशेब आणि अग्निशमन गाडीची वाट, मग कुंपण आणि गाड्या हटवून तळघर नसलेल्या अर्ध्या आवारात झाडं, कारण त्यांना वाढायला वेळ लागतो, मग पाट, जाळी, प्रत्येक पातळीचा पाण्याचा वेगळा विभाग, वेली पावसाच्या तोंडावर, सगळ्यांत शेवटी. बरोबर?

---

पाणीवाला

एक बदल. पाण्याचे विभाग जोडल्यावर वेली न लावता दोन आठवडे पाणी चालवा, रिकाम्या कुंड्यांत. प्रत्येक ड्रिपरखाली दहा मिनिटं भांडं धरून मोजा. ताशी २ लिटरचा असेल तर भांड्यात ३३० मिलिलिटरच्या आसपास पाणी यायला हवं. वरच्या आणि खालच्या कुंडीत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर वेली आणू नका.

---

पारावरचा

आणि माझाही एक. आवार शेवटपर्यंत पत्रे लावून बंद ठेवू नका. तळघर नसलेला भाग वरच्या कामापासून दूर, रस्त्याकडे असेल तर कुंपण पडल्या आठवड्यात तिथे खुर्च्या आणि सावलीचं कापड टाका. लोक कुठे बसतात, कुठून आडवे जातात ते महिनाभर पाहा. पायवाट तिथे आखा, पक्के बाक त्यानंतर.

---

मुक्ता_वास्तू

दोन्ही घेतले. ड्रिपर मोजण्याचा तक्ता आणि पाटाचा उभा छेद तयार झाला की इथेच टाकते, खांबतुळई आणि अग्निरोधक यांनी तो जरूर तपासावा.